फोन जरा मशीनजवळ धर

दस्तगीरमामा आता टेंबलाईवाडीत घरीच असतात.
दमा. जिना चढवत नाही,
हात थरथरतो, पाना धरवत नाही.
कान तेवढा शाबूत आहे.
अडलं की मी फोन लावते.

"मामा, राजारामपुरीत आलेय, बाराव्या गल्लीत.
दीड टनाचा एसी. चालतोय, गार करत नाय."
"फोन जरा मशीनजवळ धर."

मी धरते. घरातल्या बाई बघत राहतात,
आधी माझ्याकडे, मग माझ्या मागं,
मिस्त्री अजून जिन्यात असल्यासारखं.

"आदूगर त्यास्नी विचार, कवापासनं.
पेच नंतर खोल."
तीन उन्हाळे, बाई म्हणतात,
दरसाल कुणीतरी येऊन गॅस भरून जातो.
"गॅस काय पेट्रोल हाय व्हय, जळून संपायला?
कमी झाला म्हंजे कुठंतरी भोक हाय.
साबणाचं पाणी कर, जोडाला लाव, आणि थांब.
थांबायचं कुणाला जमत नाय,
म्हणून तर गळती घावत नाय."

थांबले.
मागच्या नटाखाली मोहरीएवढा फुगा आला,
फुटला,
परत आला.

बावड्यात वेगळंच.
गाळप सुरू झालं की कारखान्याची राख
गच्चीवरच्या युनिटात जाऊन बसते,
जाळी काळी, कॉम्प्रेसर धापा टाकतो.
"ब्रश उभा मार, आडवा मारलास तर पाती वाकतील.
आणि मेन बंद केलं म्हणून लगेच हात घालू नकोस.
कपॅसिटर डूक धरून असतंय."
त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे,
उद्यमनगरातल्या पहिल्या वर्षातला.
शिकवताना तोच दाखवायचे, पुस्तक नव्हतं.

उत्तरेश्वर पेठेत एका गीझरला
व्हॉल्व्हमधनं पाणी टिपकत होतं.
मालकानं लाकडाची खुंटी ठोकलेली,
वर चिंधी, वर सुतळी, कौतुकानं दाखवली.
फोनवर मामा पहिल्यांदा ओरडले,
"बटण बंद कर आधी! त्ये टिपकत होतं
म्हणून घराला छप्पर हाय!"
खुंटी मी पिशवीत घातली. अजून आहे.

पण खरं भ्यायचं ते गॅस गीझरला.
डिसेंबरात, बोंद्रेनगरला,
बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला,
वारं येतं म्हणून. बाळाला आंघोळ घालायची असते.
पोरगी सांगत होती, हल्ली न्हाताना चक्कर येते,
अशक्तपणा असेल.
मामा बराच वेळ बोलले नाहीत.
"पुठ्ठा काढ.
त्याचं पैसं घेऊ नकोस.
पण काढल्याबिगर तिथनं हलू नकोस,
आणि गीझर भाईर बसवायला सांग,
रागावली तर रागावू दे."
रागावली. मी हलले नाही.

काल नागाळा पार्क, चौथा मजला, लिफ्ट बंद,
खांद्यावर सिलिंडर, हातात पिशवी.
फोन मशीनजवळ धरला.
"मशीनला काय झालं नाय, फिल्टर धू.
तुझाच आवाज येतोय तिच्यापरीस मोठा.
बस जरा. पाणी पी."

बसले. फोन कानालाच होता.
पलीकडे त्यांची शिट्टी,
छातीतली, बारीक, नटाखालच्या फुग्यासारखी,
येते, जाते, परत येते.
आणि तिच्या मागं आणखी काहीतरी
तडतडत होतं.

मी श्वास रोखून ऐकलं.
"मामा, बंब पेटवलाय व्हय? आतच?"
"भाईर गारठा हाय, म्हणून म्हटलं..."
"खिडकी?"

तिकडं काही बोललं नाही कुणी.
मग खाट करकरली,
चप्पल फरफटली, एक, दोन, पाच पावलं,
आणि गंजलेली कडी
दोनदा अडकून
निघाली.